बाटल्यांतील हवेवर जगलेला सिलिंडर

मित्रांनो, सिलिंडर म्हटल्यावर स्वयंपाकघरातील लाल टाकी डोळ्यांसमोर आणू नका. मी हातभर लांबीचे ॲल्युमिनियमचे नळकांडे असून दाबलेली हवा हेच माझे अन्न आहे. हवा आत शिरली, की माझा पोलादी दांडा बाहेर सरकतो आणि ओझे उचलतो.

माझा जन्म भोसरीच्या एका शेडमध्ये झाला. उमेदीची वर्षे चाकणच्या कारखान्यात मोटारींचे दरवाजे दाबून धरण्यात गेली. तेथील मारुतराव शिफ्ट सुरू होताच हवेच्या पाइपात साचलेले पाणी काढीत आणि मला थोपटून म्हणत, "चला राव, लागा कामाला." पुढे नवी यंत्रे आली आणि मी कुदळवाडीत युसुफचाचांच्या भंगारात येऊन पडलो.

तेथे तळेगावच्या कॉलेजातील उत्कर्षा आणि अलमास या मैत्रिणी स्पर्धेच्या रोबोटसाठी सिलिंडर शोधत आल्या. उत्कर्षाने मला उचलून विचारले, "चाचा, याहून दणकट आहे का?"

"बेटा, रोबोट बनवतेस का जेसीबी?" चाचा हसले.

तिने मला नेले, नवे सील बसविले, ग्रीस लावले. माझा देह पुलकित झाला. परंतु रोबोटवर हवा भरणारे यंत्र नव्हते. शीतपेयाच्या बाटल्यांत आधी भरून घेतलेल्या हवेवरच सारी खोकी फळीवर चढवायची होती. चाचणीत पहिले खोके मी झोकात उचलले. पुढे मात्र हवा संपली आणि दांडा अर्ध्यावरच थांबला.

"हा सगळी हवा पितो गं," अलमास म्हणाली. "काढ याला. बारका बसवू."

"बारक्याला खोकं झेपायचं नाही."

"मग बाटल्या वाढव."

"आणि रोबोटचं वजन स्पर्धेच्या मर्यादेबाहेर गेलं, तर काट्यावर तू उभी राहणार का?"

मित्रांनो, पुन्हा भंगारात जाण्याच्या विचाराने माझे अंतःकरण विदीर्ण झाले.

उत्कर्षा बराच वेळ माझा दांडा हाताने आत-बाहेर करीत बसली. मग म्हणाली, "उचलताना जोर हवा. पण रिकामा परत येतानाही आपण याला हवा का पाजतोय?"

तिने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून दांड्याला ताणून बांधली. आता जाताना हवा ढकली आणि येताना रबर ओढी. जवळजवळ निम्मी हवा वाचू लागली.

स्पर्धेत शेवटच्या खोक्यापाशी बाटल्या रित्या होत आल्या होत्या. मी उरलासुरला श्वास एकवटला. दांडा सावकाश, परंतु पूर्ण बाहेर आला. खोके फळीवर टेकले आणि संघ पुढच्या फेरीत गेला.

"आता तरी नवा घेऊ या का?" अलमासने विचारले.

उत्कर्षा माझा दांडा फडक्याने पुसत होती. "राहू दे गं. हा कुठं दमतो, ते मला कळलंय."

मित्रांनो, जुन्या यंत्रातील पाणी काढा, त्याला ग्रीस लावा. आणि टाकाऊ ठरविण्यापूर्वी एकदा हातात घेऊन हळूच चालवून पाहा. आमचे दुःख हाताला कळते.