कॅल्शियमचं इंजेक्शन

“रक्तदाब आहे का, आजी?”

“होता. सून घर सोडून गेली आणि उतरला,” खुर्चीत आडव्या पडलेल्या आईने गाल दाबत सांगितलं.

दाढेच्या ठणक्याने तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता, तरी तोंडाचा पट्टा चालूच होता. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी नुकताच दातांचा दवाखाना थाटला होता. भिंतींच्या रंगाचा वासही अजून गेला नव्हता. हृदयाचं दुखणं, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या, एखादं औषध सोसत नाही का, असं सगळं त्या खोदून खोदून विचारत होत्या. आई वैतागली.

“अगं पोरी, दाढ काढायचीय का माझं लग्न जमवायचंय?”

“हाडांसाठी कधी इंजेक्शनं घेतलीत?”

“घेते की. दर महिन्याला मोठ्या हॉस्पिटलात सलाईनमधून देतात. कॅल्शियमचं. हा नेतो मला.”

हा म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला तिचा एकुलता एक मुलगा. चष्म्याच्या दुकानात विक्रेता म्हणून त्याची उभी हयात गेली होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर कसलीही फ्रेम चढवा, हा म्हणणार, “वा! तुमच्यासाठीच घडवलीय.” दुकानातले त्याला गोडबोल्या म्हणत. त्याच्या तोंडून वाईट बातमी कधी कुणी ऐकली नव्हती. वडील हॉस्पिटलात वारले, त्या दुपारी घरी येऊन त्याने आईला सांगितलं होतं, “बाबांचा डोळा लागलाय.” ती बिचारी त्यांच्यासाठी दूध तापवत बसली. शेवटी शेजारणीने येऊन गॅस बंद केला आणि काय ते सांगितलं. अशा माणसाला लोक हळवा म्हणतात. खरा शब्द भित्रा, पण तोंडावर कोण म्हणणार?

गेल्या वर्षी आईची कंबर धरली. तपासण्या झाल्या आणि कॅन्सर हाडांत पसरलेला निघाला. “आईला सांगू नका,” म्हणून तो तिथल्या डॉक्टरांच्या हातापाया पडला. आईला सांगितलं, वयाने हाडं ठिसूळ झालीत, कॅल्शियम कमी पडतंय.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“दर महिन्याला सलाईनमधून कॅल्शियम सहसा देत नाहीत. मला खरं सांगा. हाडांच्या कॅन्सरमध्ये देतात ते इंजेक्शन असेल, तर मी दाढ काढणार नाही. जखम भरून येत नाही. जबड्याचं हाड उघडं पडतं आणि सडतं.”

त्याने लोटलेल्या दाराकडे पाहिलं. दाढ काढली नाही तर का नाही काढली, हे आई विचारणार. ती एकदा मागे लागली की समोरच्याला सोलून काढायची. मग आज ना उद्या तो शब्द तिच्यासमोर उच्चारावा लागेल, आणि तो शब्द ऐकताना तिचा चेहरा बघावा लागेल. एका दाढेने असं काय होणार आहे?

“कॅल्शियमच हो,” तो म्हणाला. “मीच नेतो ना तिला. मला माहीत नसेल?”

“कागद आहेत?”

“घरी राहिले. पण ती तळमळतेय हो. बघवत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

दाढ निघाली. जखम काही भरली नाही. आधी वास यायला लागला, मग पू, आणि मग एक दिवस हिरडीतून हाडच बाहेर डोकावायला लागलं. घास गिळणं मुश्किल झालं. जी बाई बोलून बोलून भल्याभल्यांना गार करायची, तिची जीभ आता एकाच वाक्यापुरती हलायची. “त्या पोरीचे हात झडोत.” भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती गाल दाखवायची. डॉक्टरीणबाईंचं नाव गावभर व्हायचं तसं बदनाम झालंच.

आईला हलवणं अशक्य झालं, तेव्हा जखम धुवायला घरी याल का, असं विचारायला तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाहेरची बाकडी रिकामी होती.

“मी हॉस्पिटलात विचारून घेतलंय,” त्या म्हणाल्या. “मला त्या दिवशी सांगितलं असतंत, तर रूट कॅनल करून दाढ तिथेच ठेवली असती. आजींना काही कळलंही नसतं.”

त्याला रडू फुटलं, पण आईसाठी नव्हे, स्वतःसाठीच.

“आता तरी तिला सांगू नका,” तो म्हणाला. “एवढी कृपा करा.”

“आजार काय आहे ते मी सांगणार नाही, तो तुमचा प्रश्न. पण इंजेक्शनाचं तुम्ही माझ्यापासून लपवलंत, एवढं तरी त्यांच्यासमोर बोला.”

“बोलतो, बोलतो. सगळं नीट होईल हो.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. आईच्या हनुवटीखाली टॉवेल पसरून त्यांनी कापूस भिजवला. आईने त्यांचं मनगट धरलं. शब्द अर्धेच बाहेर पडत होते.

“पोरी, तुझ्या आईचे... असे हाल केले असतेस?”

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली.

तो पुढे झाला. आईच्या कपाळावरून हात फिरवत मऊ आवाजात म्हणाला, “जाऊ दे गं आई. माणसाच्या हातून चूक होते. माफ कर तिला.”

आईचे डोळे भरून आले. मनगट सोडून तिने मुलाकडे बोट केलं.

“बघ. असं... मन लागतं.”

डॉक्टरीणबाईंनी सुकलेला कापूस टाकून दिला, दुसरा भिजवला.

“तोंड उघडा, आजी,” त्या म्हणाल्या. “थोडं झोंबेल.”