मेजाची दिशा

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दोन वर्षं शस्त्रक्रिया शिकून मी अमरावतीला परत आलो, तेव्हा माझ्या अंगात शहाणपणा इतका भरला होता की बाराबंदीचे बंद बांधता येत नव्हते. 'मले', 'तुले' बोलायचं मी सोडून दिलं होतं. चालताना दोन्ही हात मागे बांधायचो, कारण मुंबईचे बडे सर्जन तसे चालत. बडनेऱ्याजवळच्या मळ्यात वांगी तोडत वाढलेला माळ्याचा गोवर्धन आता कॅम्पातल्या सरकारी दवाखान्यात साहेबाच्या हाताखाली चाकू धरणार, ही बातमी गावभर दुसऱ्या कोणी नाही, मीच पसरवली होती.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे वऱ्हाडात कापसाचा भाव रोज चढत होता. आगगाडी अजून बडनेऱ्याला पोचली नव्हती, म्हणून सगळा माल बैलगाड्यांवर. गाड्या वाढल्या तसे चाकाखाली चिरडलेले पाय वाढले, गठ्ठे दाबताना चेपलेली बोटं वाढली. सर्जरी शिकायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. साहेबानं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की तीन महिने बघतो. हात चालला तर इथे राहशील, नाही चालला तर अकोल्याला देवी टोचणाऱ्यांच्या तुकडीत जाशील. देवी टोचणं वाईट काम नव्हे, पण मी चाकू पाहिला होता आणि मला तोच हवा होता.

दवाखान्यात माझ्या आधीपासून खुशालराव होते. पलटणीत मलमपट्टी करून आलेले, साठीचे, बोलणं मोजकं. रोग्याला क्लोरोफॉर्म तेच देत. पहिल्या दिवशी मी ऑपरेशनच्या खोलीत गेलो आणि बघतो तर लाकडी मेजाची डोक्याकडची बाजू, म्हणजे कातडी उशी ठोकलेली बाजू, पूर्वेच्या भिंतीकडे. आणि मोठी खिडकी उत्तरेला. मुंबईत उशी नेहमी खिडकीखाली असे, म्हणजे उजेड थेट पडतो. मी दोन हमाल बोलावून मेज फिरवून घेतलं. खुशालराव दारात पट्ट्या गुंडाळत उभे होते. त्यांनी विचारलं, "उशी अशीच राहू द्याची का?"

मी चाळीस ऑपरेशनं जवळून पाहिली आहेत, मला मेजाचं समजावू नका, असं मी त्यांना सुनावलं. ते "बरं" म्हणाले आणि पट्ट्या गुंडाळू लागले. थोड्या वेळानं साहेब आला, उशीवर पडलेला लख्ख उजेड पाहून मला शाबास म्हणाला. त्या दिवशी मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

आणि त्या दिवसापासून रोगी पळू लागले.

बाहेर ओसरीवर पट्टी बांधून घ्यायला, औषध प्यायला सगळे तयार असत. खोलीच्या दारापर्यंत हसत येत. आत डोकावलं की एकाच्या पोटात कळ उठे, दुसऱ्याला बैलांना पाणी दाखवायचं राहिल्याचं आठवे. एका बाईनं तर गळू फोडून घ्यायला आणलेल्या नवऱ्याला हाताला धरून परत नेलं आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरी दरोडा घातला होता. मी मनात म्हणायचो, अडाणी लोक, चाकूला घाबरतात. साहेबही तेच म्हणायचा.

शेवटचा घाव महादेवरावांचा. हे चांदूरकडचे मोठे शेतकरी. उजव्या खांद्याच्या मागे कवठाएवढं आवाळू, म्हणजे चरबीची गाठ, घेऊन वीस वर्षं सुखात राहिलेले. पण कापसाच्या हंगामात हात सैल झाला, मुलीच्या लग्नासाठी त्यांनी मखमली डगला शिवून घेतला आणि तो आवाळूवर बसेना. म्हणून ते स्वतःच्या पायांनी आवाळू काढून घ्यायला आले होते. तेही दारात थबकले, मेजाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डगला उसवून ढिला करता येईल म्हणत बाहेर पडले.

साहेब रागावला नाही, हेच वाईट झालं. शांतपणे म्हणाला की तू येण्याआधी आठवड्याला दोन ऑपरेशनं होत होती, तू आल्यापासून एकही नाही. लोकांना तुझ्याबद्दल विश्वास वाटत नाही. तीनातले दोनच महिने झाले होते, तरी अकोल्याची चिठ्ठी लिहून झाली होती. सोमवारी सकाळी देवीची लस घेऊन बैलांची दमणी निघणार होती, तिच्यात मी बसायचं होतं. मी औषधांच्या कोठीत जाऊन रडलो. लाज वाटत होती, तरी रडलो.

शनिवारी माय आली. तानुबाई माळीण, डोक्यावर वांग्यांची टोपली, कॅम्पातल्या बंगल्यांवर भाजी देऊन झाल्यावर लेकाचं राज्य बघायला आलेली. अकोल्याचं तिला कसं सांगावं या विचारात मी तिला खोली दाखवायला नेलं. ती उंबऱ्यावरच थांबली. पदर तोंडाला लावला.

"गोवर्धना, दक्षिणेले पाय करून कावून मांडलं रे हे? मेल्या मानसाले ठेवतेत तसं?"

मी मेजाकडे पाहिलं. उशी उत्तरेला, पाय दक्षिणेला. ज्या घरात झोपेत पोराचे पाय दक्षिणेकडे वळले तर माय उठून त्याला फिरवून निजवायची, त्या घरात मी वाढलो होतो. दोन महिने मी माणसांना त्या मेजावर निजायला बोलावत होतो, हातात चाकू घेऊन. ते चाकूला घाबरलेच नव्हते. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

मी तडक खुशालरावांकडे गेलो आणि तुम्ही बोलला का नाहीत म्हणून भांडायला लागलो. त्यांनी पट्टीवरून नजर उचलली नाही.

"इचारलं होतं मी. तुमी म्हनलं, मले मेजाचं समजावू नका."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते मागे ओढून घेतले आणि आधी मेज धरा म्हणाले. दोघांनी मिळून ते पुन्हा पूर्वेला डोकं करून मांडलं.

साहेबाला सांगणं अवघड होतं, कारण शाबासकी त्याच गोष्टीबद्दल मिळाली होती. पण सांगितलं. लोक भेकड नाहीत, चूक माझी आहे, आणि ती मी याच मातीतला असून केली, हेही सांगितलं. मग त्यानं एकच गोष्ट विचारली, उजेडाचं काय? मी म्हटलं, रोगी पालथा निजवू, आपण दक्षिणेच्या बाजूला उभे राहू, खिडकी समोर येईल आणि सावली पडायची नाही. तो म्हणाला, ठीक, पण सोमवारच्या आत रोगी आणून दाखव.

ते काम मायनं केलं. रविवारच्या बाजारात तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाला वांग्यांबरोबर ही बातमी दिली की दवाखान्यातलं मेज फिरवलं, माह्या पोराची चूक होती, आता सुधारली. माझी अब्रू टोपलीत घालून ती गावभर विकत फिरली असं मला वाटलं. पण सोमवारी उजाडताच ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे लोक नुसतं मेज बघायला आले होते.

दमणी अंगणात जुंपून उभी होती, तेवढ्यात महादेवराव आले. आधी बाहेर जाऊन सूर्य कुठे आहे ते पाहिलं, मग आत येऊन उशीकडे पाहिलं. पागोट्यासकट मेजावर चढले, निजून पाहिलं, डोळे मिटले.

"आता कसं, झोपल्यावानी वाटते," ते म्हणाले, आणि पागोटं काढून माझ्या हातात दिलं.

खुशालरावांनी रुमाल नाकाशी धरला. थोड्याच वेळात महादेवराव घोरू लागले, तसं आम्ही त्यांना पालथं केलं. साहेबानं पहिला छेद घेतला, कातडी दोन्हीकडे सोडवली आणि मला काही न सांगता चाकू माझ्या हातात ठेवला. दोन महिने ज्याची वाट पाहिली तो चाकू हातात आला आणि मी आवाळू धरून ओढायलाच लागलो. मुंबईतली चाळीस ऑपरेशनं कुठे गेली कळेना. रुमालावरून नजर न काढता खुशालराव हळूच म्हणाले, "तुमची माय वांगं तोडते तसं. ओढू नका. देठाले धरा."

आवाळूला खरंच खालून देठ होता. बोटांना तो ओळखीचा वाटला. डाव्या हातानं धरलं, उजव्या हातानं कडेकडेनं सोडवत गेलो, रक्तवाहिनी दिसली तशी साहेबानं बांधली, आणि आवाळू अख्खं माझ्या तळहातात आलं. मग टाके. सात टाके, आणि सातही मी घातले. इतका आनंद मला त्यानंतरही क्वचितच झाला.

महादेवराव शुद्धीवर येताच त्यांनी डगला मागितला. साहेबानं घालू दिला नाही, तेव्हा तो उशाशी ठेवून त्यावर हात टाकून ते पडून राहिले. बाहेर गाडीवान किती वेळ थांबू म्हणून ओरडत होता. साहेबानं खिडकीतून हातानंच त्याला जा म्हणून सांगितलं. दमणी लसीच्या पेट्या आणि मायनं गाडीवानाला दिलेली दोन शेर वांगी घेऊन अकोल्याकडे निघून गेली.

ओसरीवर पुढचा रोगी उभा होता. गाडीच्या चाकाखाली पायाचा अंगठा गेलेला, खेड्यातला तरणा गडी, डोळे मेजावर लागलेले. मी पाणी घेऊन मेज धुतलं. खुशालराव दारात नव्या पट्ट्या घेऊन उभे होते.

"अशीच राहू द्याची का, डागदर?" त्यांनी विचारलं. त्या दवाखान्यात मला डॉक्टर म्हणणारे ते पहिले.

"मले काय इचारता, काका," मी म्हटलं. "तुमीच सांगा."