वेळेवरची टपली

डोळे घट्ट मिटा पाहू. आता समजा, तुम्ही पाण्यात आहात. दोन्ही हात एकदम उसळवत बटरफ्लाय पोहताय आणि समोर कुठेतरी भिंत आहे. कधी येणार ती? लागतो का काही अंदाज?

ज्यांना दिसत नाही, त्या पोहणाऱ्यांसाठी काठावर एक माणूस उभा असतो. हातात लांब काठी, तिच्या टोकाला मऊ स्पंज. भिंत जवळ आली, की डोक्यावर टपली!

धाकटीसाठी ही काठी तिची थोरली बहीण धरायची. मागच्या शर्यतीत थोरलीनं घोळ घातला. बहिणीची बोटं आपटतील या धास्तीनं तिनं टपली जरा आधीच मारली. धाकटीनं हात लांब केले, तर भिंत कुठाय! ती तशीच घसरत पोचेपर्यंत दोघीजणी पुढे निघून गेल्या.

आज अंतिम शर्यत होती.

"ताई," पोहण्याचा काळा चष्मा चढवत धाकटी म्हणाली, "आज लवकर टपली मारलीस, तर बोलणारच नाही तुझ्याशी."

"आणि डोकं आपटलं म्हणजे?"

"त्यात फुटण्यासारखं काही नाही, असं तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

थोरलीला हसू आलं, पण काठी घामानं निसटत होती.

शिट्टी झाली. पलीकडच्या काठावर प्रशिक्षकांनी टपली दिली, धाकटी वळली आणि परत निघाली. शेजारच्या पट्ट्यातली बाई अगदी खांद्याला खांदा लावून! दहा हात उरले. पाच. थोरलीचा हात शिवशिवू लागला. 'थांब,' तिनं स्वतःला दटावलं. 'अजून थोडं. अजून...'

टप्!

धाकटीनं जोर तसूभर कमी केला नाही. दोन्ही तळवे भिंतीवर धाडकन बसले.

निकालाच्या फलकाकडे बघताच थोरली काठी उंचावून उड्या मारायला लागली.

"ताई, कितवी? अगं, बोल की!" धाकटी पाण्यातून विचारत होती. टाळ्यांचा नुसता कडकडाट, त्यात ताईचं ओरडणं तिच्यापर्यंत पोचेना.

पहिल्या रांगेत थोरलीची आठ वर्षांची लेक बसली होती. मावशी मान इकडेतिकडे वळवतेय, हे तिनं पाहिलं. ती दोरीखालून सटकली. "ए पोरी, थांब!" पंच ओरडले. ती कसली थांबतेय! ओल्या काठावर ती पोटावर आडवी झाली, मावशीची रबरी टोपी कानावरून वर सरकवली आणि म्हणाली, "पहिली, मावशी! शेजारची हातभर मागे राहिली."