अण्णा मंडईत गेलेत

मच्छिंद्रने मेणाच्या डबीत बोट फिरवलं आणि आईच्या कपाळावर एक गोल टेकवला. मग चिमटीत कुंकू घेऊन तो त्या गोलावर जपून दाबू लागला. जपूनही थोडं नाकाच्या शेंड्यावर सांडलंच.

"हलू नकोस गं."

"मी कुठं हलतीय? तुझाच हात कापतोय," मथुराबाई म्हणाल्या. "बायकोला बोलाव. ती नीट लावंल."

बायको लेकीच्या बाळंतपणाला वाघोलीला गेली होती. साठीला टेकलेल्या मच्छिंद्रने आयुष्यात ट्रॅक्टर दुरुस्त केले होते, बोअरच्या मोटारी उघडून जोडल्या होत्या. पण आईच्या कपाळाएवढं नाजूक काम त्याच्या हाती कधी पडलं नव्हतं. त्याने फुंकर मारून नाक साफ केलं आणि आरसा तिच्यासमोर धरला.

"झ्याक," आई म्हणाली. मग दाराकडे बघत, "तुझं अण्णा आलं न्हाईत अजून?"

"मंडईत गेलेत."

"सकाळीबी मंडईतच गेलं हुतं."

"कोथिंबीर विसरले होते."

अण्णांना, म्हणजे हिंदुरावांना, जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. हयातीत त्यांनी भाजीची पिशवी म्हणून कधी हातात धरली नाही, आणि आता रोज दोन-दोन खेपा मारत होते. बँकेची रांग, सोसायटीचं पाणीबिल, कुणाची सोयरीक, सगळं त्यांच्या अंगावर. मेल्यावर इतका कामाला लागलेला माणूस अख्ख्या कोथरूडमध्ये दुसरा नसेल, असं मच्छिंद्र बायकोला म्हणायचा.

जिन्यात चपला वाजल्या आणि मुक्ताआत्या आत आल्या. हिंदुरावांच्या धाकट्या बहिणीने भावाच्या घरात येताना बेल कधी वाजवली नव्हती. त्यांनी वहिनीचं कपाळ बघितलं, मग भाच्याचं लाल बोट बघितलं.

"पुन्हा?"

"बस ना आत्या. चहा टाकतो."

"चहा राहू दे. कुठं चाललाय नटून?"

"तिसऱ्या मजल्यावर. नीरजाबाईंकडे हळदीकुंकू आहे. आईला बोलावलंय."

नीरजा नवी होती. महिन्यापूर्वी राहायला आलेली. लिफ्टमध्ये तिला मथुराबाई दिसल्या, कपाळभर कुंकू दिसलं, आणि तिने भाबडेपणाने 'आजी, नक्की या हं' म्हटलं. आजींनी होकार दिला आणि पुढच्या मिनिटाला विसरून गेल्या. मच्छिंद्र विसरला नाही.

"तिला माहीत न्हाय म्हणून बोलावलं," आत्या म्हणाल्या. "तुला तर माहीत हाय ना? रांडमुंड बाईला सवाष्णींच्या पंगतीत बसवणार तू? वैनीला सांग खरं काय ते."

"सांगून झालंय, आत्या. तूच सांगितलंस. तीनदा."

त्या आठवड्याची आठवण दोघांनाही होती. आत्यांनी तीनदा खरं सांगितलं आणि मथुराबाईंनी तीनदा पहिल्यांदाच ऐकलं. तीनदा जमिनीवर हात आपटले, तीनदा 'मला शेवटचं तोंड तरी बघू द्यायचं' म्हणून ऊर बडवला. आणि तीनदा, डोळे कोरडे व्हायच्या आत, विचारलं, आलं का रे तुझं अण्णा? चौथ्या मयतीला मच्छिंद्रने साफ नकार दिला. त्याच संध्याकाळी त्याने जाऊन कुंकू आणलं आणि मेणासाठी तीन दुकानं पालथी घातली.

आत्यांचा हिशोब मात्र वेगळा होता. त्या बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या. त्यानंतर कुठल्या बारशात पुढे आल्या नाहीत, कुठल्या नवरीला हळद लावली नाही. ही किंमत त्यांनी पुरती मोजली होती, आणि दुसऱ्या कुणी तोच माल फुकट उचलून न्यावा हे त्यांना बघवत नव्हतं. यात दुष्टपणा नव्हता. रोख मोजणाऱ्याला उधारी चालत नाही, एवढंच.

"जा मग," त्या म्हणाल्या. "पण मी येणार. चारचौघींत शोभा झाली तर वैनीला उचलून आणायला कुणी पायजे."

नीरजाच्या हॉलमध्ये बायका भिंतीला लागून बसल्या होत्या. अत्तर, तिळगूळ, काळ्या साड्या. मच्छिंद्र आईचा दंड धरून आत शिरला तशी बडबड खाली बसली. आत्या उंबऱ्याबाहेर, चपलांपाशी थांबल्या. तिथवरच येण्याची त्यांना सवय होती.

"काका, तुम्हीपण?" कुणीतरी हसून विचारलं. "वाण हवंय का?"

"गाळणी असेल तर द्या. आमची फाटलीय."

हशा झाला, पण पुरता नाही. चेअरमनच्या बायकोने, सरोजिनीने, नीरजाला बाजूला घेतलं आणि तिच्या कानाशी लागली. नीरजाच्या हातातली कोयरी जागच्या जागी थबकली. ती मच्छिंद्रजवळ आली.

"काका, मला खरंच कल्पना नव्हती... म्हणजे आजोबा..."

"आजोबा घरी नाहीत," मच्छिंद्र म्हणाला. "तेवढंच आईला माहीत आहे. तुम्हाला जास्त माहीत असायची काय गरज?"

"अहो, पण काही रीतभात असते," सरोजिनी म्हणाली. "आजारी आहेत, आम्हाला मान्य आहे. म्हणून काय वाट्टेल ते करायचं?"

मच्छिंद्रने आईला सोफ्यावर बसवलं, पदर नीट केला, आणि मगच वळला.

"वहिनी, तुम्ही बसलाय ना, तिथं हिचं कांद्याचं वावर होतं. लिफ्टच्या जागी विहीर होती. बिल्डिंगीत कुणालाच ते आठवत नाही, आणि आमचं त्यावर काही म्हणणं नाही. ही एक गोष्ट विसरलीय. एकच. तेवढं चालवून घ्या."

"आम्ही कुठं काय..." सरोजिनी म्हणाली आणि उगाच तिळगुळाची वाटी सारखी करू लागली.

नीरजाने एकदा बायकांकडे बघितलं. मग ती मथुराबाईंसमोर गुडघ्यावर बसली, हळद लावली, कुंकू लावलं, हातावर अत्तर चोळलं. तिचं बोट मच्छिंद्रच्या बोटापेक्षा फार सफाईने चाललं.

आता पाहुणीने यजमानणीला उलट कुंकू लावायचं. मथुराबाईंना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी कोयरी हातात घेतली, नीरजाला लावलं, आणि कोयरी परत द्यायच्या ऐवजी उठून उभ्या राहिल्या. ज्या घरात आपण उभ्या आहोत ते आपलंच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्या एका टोकापासून बायकांना कुंकू लावत निघाल्या.

"तू कुणाची गं? बस बस, लाजू नको." "तुला मूल काय झालं?" आणि सरोजिनीसमोर, "तू लई सुटलीस बाई."

सरोजिनीने कपाळ पुढे केलं. न करून जाते कुठे?

रांग संपली. मथुराबाईंची नजर दाराकडे गेली.

"अगं बाई, वन्सं! भाईर काय उभ्या?"

मच्छिंद्र पुढे सरकला. पण आई त्याच्या आधी उंबऱ्याशी पोचली होती. तिने नणंदेचं कपाळ निरखलं. पन्नासाहून जास्त वर्षं कोरडं राहिलेलं कपाळ.

"मोकळं कपाळ घेऊन फिरता? पाव्हणं येतील की आता जेवायला. काय म्हणतील?"

आत्यांच्या तोंडाशी खरं आलेलं मच्छिंद्रला दिसलं. ओठ उघडले होते. तो आईच्या मागे हात पसरून उभा राहिला. ती कोसळली तर धरता यावी म्हणून.

मथुराबाईंनी बोट कोयरीत बुडवलं आणि टेकवलं. हात कापला, कुंकू डाव्या भुवईकडे ओघळलं.

आत्यांचा हात पदराच्या टोकाकडे गेला. टोक मुठीत धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर सोडला, आणि वहिनीचा हात पोचावा म्हणून मान थोडी खाली केली.

"तिरपं झालंय, वैनी," त्या म्हणाल्या. "नीट लाव."