वीतभर फट

ब्राह्मणाच्या परसात कोंबड्या म्हटल्यावर बदलापुरातल्या त्या रो-हाउसच्या ओळीत व्हायची तेवढी कुजबूज झाली. मीनलने ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिली. पाच बँटम कोंबड्या, पारव्याहून थोड्याच मोठ्या, पायांवरही पिसं. उल्हासनगरच्या दुकानातून तिने त्या स्वतः आणल्या होत्या. नवरा यज्ञेश गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. सासरे विष्णुपंत मात्र आनंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं अधिकारी होते आणि घरातही अटी घालूनच बोलत. या थंडीत एक जरी कोंबडी मेली, तर उरलेल्या चारही त्याच दिवशी घराबाहेर, असं त्यांनी बजावलं. मीनल म्हणाली, चालेल.

बदलापूरची थंडी मुंबईकरांना सांगून पटत नाही. डिसेंबरात ती पडली, तशी मीनलने खुराड्याला चहूबाजूंनी प्लास्टिक ठोकलं, वरची जाळीसुद्धा सोडली नाही. तिसऱ्या सकाळी पाहते तर प्लास्टिकला आतून पाणी सुटलेलं, खालचं तूस ओलं, आणि ठिपकी नावाची कोंबडी घशातून खरखरतेय.

जांभूळ गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या गयाबाईने आत हात घालून पाहिलं.

"थंडीनं नाय मरत गं बाय, वलीनं मरतान. त्यांच्याच श्वासाची वल. वरशी वीतभर उघरं ठेव."

मीनलने त्याच दुपारी वरचं प्लास्टिक फाडलं, कोरडं तूस घातलं, आणि पाय पोटाखाली झाकून बसता यावं म्हणून काठीऐवजी रुंद फळी लावली. थंडी वाढतेय आणि ही उघडं करतेय, अक्कल गहाण टाकलीय का, असं विष्णुपंतांनी यज्ञेशला विचारलं, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मीनलला राग आला, भीतीही वाटली. पण तिने फट बुजवली नाही.

रोज सकाळी ती तुसात हात घालायची. कोरडं लागलं की मगच चहा. ठिपकीची खरखर कमी होत गेली. पाचव्या दिवशी, सगळ्यात गार सकाळी, ती परसात गेली तर फट बुजलेली. जाळीवर लोकरीची शाल, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. विष्णुपंतांना निवृत्तीच्या सत्कारात मिळालेली, त्यांनी कुणाला हातही लावू न दिलेली. आतून ती दमट झाली होती.

मागच्या दारात विष्णुपंत नुसत्या सदऱ्यात उभे होते, हात काखेत घालून.

"लहान जीव आहेत ते," तिच्याकडे न बघता ते म्हणाले. "गारठले असते."

मीनलने शाल ओढून काढली. वाकून मोजल्या. पाच. मग शाल झटकली आणि सरळ सासऱ्यांच्याच खांद्यांवर घट्ट गुंडाळली.

"थंडी तुम्हाला वाजतेय, बाबा. त्यांना नाही. पुन्हा ही फट बुजवलीत, तर घराबाहेर कोण जाईल ते मी ठरवीन."

विष्णुपंतांनी शालीची टोकं धरली.

"ठिपकीचा घसा सुटला का?" त्यांनी विचारलं. तोवर त्यांनी त्या कोंबडीचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.