रिकाम्या चौकटीला वंदन

आमच्या मोंतेराल्ला गावात मेरीमातेची रेखाचित्रं दोन होती. एक वरच्या चर्चमध्ये, एक आमच्या खालच्या. दोन्हींत तीच माता, तेच बाळ, तोच तांबडा खडू. एक साडेचारशे वर्षांपूर्वीच्या उस्तादाच्या हातचं, दुसरं त्याची नक्कल. अस्सल कुठलं, यावरून लग्नं मोडत. माझ्या मावशीचं मोडलं.

ऑगस्टच्या सणाला दोन्हीकडचे पाद्री चित्र छातीशी धरून चौकात समोरासमोर येत. नकलेनं अस्सलापुढे झुकायचं, ही रीत. त्या उन्हात मेणबत्त्या वाकत, माणसं वाकत नसत.

आमचे म्हातारे फादर एर्सिलिओ म्हणायचे, "वरचे झुकलेले एकदा बघू दे, मग मी डोळे मिटायला मोकळा."

म्हणून त्यांनीच फ्लॉरेन्सहून प्रोफेसर तोनिनींना बोलावलं. तोनिनींनी आधी आमच्याकडचा ससा चापला, मग वरच्यांकडचा, आणि मग कुठे भिंग काढलं.

"अस्सल असेल ते संग्रहालयात न्यावं लागेल," ते सहज म्हणाले. "इथे ओल फार."

चौकात जमलेल्या गावासमोर एर्सिलिओ खाकरले. "प्रोफेसर, खरं सांगू? आमचं नकलीच. बाळाचा पाय बघा, नुसतं गाजर!"

"गाजर बरं हो!" वरचे फादर गौदेन्झिओ पुढे घुसले. "आमच्या मातेला सहा बोटं आहेत!"

"काल तर पाच होती!"

"काल तुम्हीच तिला भोपळा म्हणालात ना? बरोबर होतं तुमचं!"

जन्मात पहिल्यांदाच मी त्यांना एकमेकांच्या चित्राची बाजू घेताना ऐकलं.

"भांडू नका," तोनिनी म्हणाले. "मूळ कागदाला बाळाच्या गुडघ्यापाशी घडी पडलेली असणार. दोन्ही नक्कलकारांनी ती घडीसुद्धा भक्तिभावानं खडूनं काढलीय. दोन्ही नकला. अस्सल हरवलं."

चित्रं वाचली. पण सण आला तेव्हा पंचाईत झाली. झुकायचं कोणी, कोणापुढे? शेवटी चौकात खुर्चीवर एक रिकामी चौकट ठेवली, हरवलेल्या अस्सलाच्या मानाची. घंटा झाली आणि दोन्ही पाद्री तिच्यापुढे एकदमच कमरेत वाकले. सगळ्या गावानं बघितलं.

मी धावत गेले. "फादर, वरचे झुकले! बघितलंत ना?"

एर्सिलिओ कंबर धरून सरळ होत होते. "कसं बघणार, पोरी? मीही वाकलोच होतो ना!"

आणि रागारागानं आणखी कितीतरी वर्षं जगले.