टीप न घेणारी माणसं

"ओळख दाखवणार नाही म्हटलं ना! खिडकीशी बसेन, चहा पिईन, तुला काम करताना एकदा डोळे भरून बघेन आणि गुपचूप घरी जाईन. झालं समाधान?" सासूबाईंनी सकाळी सुनेला शब्द दिला होता.

आता त्या खरंच हॉटेलाच्या खिडकीशी बसल्या होत्या. शेजारी बाबागाडी, गाडीत बाळ. सून ट्रे घेऊन जवळून गेली की बाळ दोन्ही हात पुढे करी, आणि ती मान वळवून पुढच्या टेबलाकडे जाई. इलाज नव्हता. "घरी लहान मूल आहे का?" असं मालकीणबाईंनी कामावर घेताना विचारलं होतं आणि ती चटकन "नाही" म्हणाली होती. बाळंतपणानंतरची ही पहिलीच नोकरी, तीही परक्या देशात. हातची जाऊ द्यायची नव्हती. कायम ठेवायचं की नाही, ते मालकीणबाई आजच सांगणार होत्या.

चहा संपला. बिल देऊन सासूबाई उठल्या, पण दाराकडे जायचं सोडून गाडी ढकलत थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या. सून तेव्हा एका टेबलावर गरम सूप वाढत होती. तिला ना ओरडता येत होतं, ना धावता.

सासूबाईंनी मिशाळ आचाऱ्याच्या मुठीत एक नोट कोंबली. मग सुनेकडे बोट दाखवलं, गाडीतल्या बाळाकडे दाखवलं, कमरेवर हात ठेवून वाकून दुखण्याची नक्कल केली आणि हात जोडले. दुसरी नोट भांडी घासणाऱ्या बाईंच्या ओल्या हातात गेली. तिसरी गल्ल्यावर, खुद्द मालकीणबाईंपुढे.

सूप टेबलावर ठेवून सून गल्ल्याशी धावली. या देशात टीप देत नाहीत. कुणी टेबलावर जास्तीचे पैसे विसरलं, तर ते घेऊन रस्त्यावर पळत सुटायचं आणि त्याच्या हातात परत ठेवायचे, हे तिला आल्याआल्याच शिकवलं होतं. ठेवून घेतले तर नोकरी गेलीच. घरी तिने नवऱ्याला हे सांगून खूप हसवलं होतं. सासूबाईंना सांगायचं मात्र सुचलंच नव्हतं.

"आई, काय केलंत हो हे!"

"काय केलं म्हणजे? चहापाण्याला दिले. आमच्याकडे दवाखान्यात आयापासून सगळ्यांच्या हातावर आधी ठेवावे लागतात, तेव्हा कुठे माणसाकडे लक्ष देतात. तुझी कंबर अजून धरते. जरा सांभाळून घ्या म्हटलं, एवढंच."

तोवर आचारी बाहेर आला होता. त्याने नोट दोन्ही हातांनी, मान लववून सासूबाईंना परत दिली. भांडीवाल्या बाईंनी आपली नोट आधी पदराने पुसावी तशी एप्रनला पुसली, मग दिली.

"कमी पडले वाटतं," सासूबाई पुटपुटल्या आणि पुन्हा पाकीट उघडायला लागल्या.

"आई, नका ना!"

मालकीणबाईंनी हात वर केला. "काय म्हणतात त्या? जसंच्या तसं सांग."

काहीतरी बनवून सांगता आलं असतं. शेजारीण आहे, डोक्याने जरा अशी आहे... पण बाळ तिच्या एप्रनचं टोक मुठीत धरून चोखत होतं. तिने सगळं सांगितलं. दवाखाना, आया, कंबर आणि बाळ.

"हा तुझा?" मालकीणबाईंनी बाळाकडे बघत विचारलं.

"माझा."

"मग नाही का म्हणालीस?"

"हो म्हटलं असतं तर तुम्ही मला ठेवलं असतं?"

मालकीणबाईंनी विचार केला. "नसतं ठेवलं," त्या म्हणाल्या. "निदान संध्याकाळच्या पाळीला तर नाहीच. पोराची आई घड्याळाकडे बघत वाढते." त्यांनी आचाऱ्याकडे पाहिलं. तो मिशीला हात लावत म्हणाला, "सकाळी भाजी चिरायला मी एकटाच असतो. बसून करायचं काम आहे."

"सकाळी याच्याजवळ कोण असतं?"

"याचे बाबा. त्यांचं काम दुपारचं असतं."

"मग उद्यापासून सकाळी ये. आणि मला पुन्हा खोटं सांगायचं नाही." त्यांनी सासूबाईंची नोट नीट घडी घालून परत त्यांच्या पाकिटात ठेवली, आणि पाकीटही बंद करून दिलं.

"काय म्हणाली गं?" सासूबाईंना राहवेना.

"ठेवलं, आई. सकाळच्या कामाला. बसून करायचंय."

"आणि पैसे?"

"ते नकोच आहेत त्यांना."

सासूबाई पाकिटाकडे बघत राहिल्या. "अजब माणसं! न घेता काम करतात? मग यांच्यावर हक्काने ओरडायचं तरी कसं?"

सुनेला हसू आवरेना. हसताहसता डोळे भरले, तेही एप्रनलाच पुसले. कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी पाणी मागितलं. तिने जग उचलला तसं बाळाने भोकाड पसरलं, अख्खं हॉटेल दणाणून सोडलं.

ती जग घेऊन टेबलाकडे निघाली, पण या वेळी मान वळवली नाही. भरल्या हॉटेलात, खणखणीत आवाजात, आपल्या भाषेत ती म्हणाली, "आले रे सोन्या, आई आली हं! एवढं पाणी देते आणि आलेच!"